'अनसीझनल' की 'अनसीझनेबल'? अवकाळी हवामानासाठीच्या इंग्रजी शब्दाविषयी

प्रश्न

नमस्कार. हवामान आणि शेती या विषयांवरील मजकुराचा अनुवाद हे माझे रोजचे काम आहे. बहुतेक वेळा तो इंग्रजीतून मराठीत असतो, अधूनमधून उलटही करावा लागतो. अलीकडे एका अहवालाच्या इंग्रजी मसुद्यात 'अवकाळी पाऊस' यासाठी मी 'अनसीझनल रेन' असे लिहिले होते. तपासून आलेल्या प्रतीत 'अनसीझनल'वर लाल पेन्सिलीची रेघ होती, त्याच्या वर 'अनसीझनेबल' असे लिहिलेले होते आणि समासात कसलाही खुलासा नव्हता. मी मुकाट्याने ती दुरुस्ती स्वीकारली, आणि तोच नियम समजून पुढच्या प्रकरणात 'हंगामी मजूर' यासाठी वापरलेले 'सीझनल लेबर' बदलून 'सीझनेबल लेबर' केले. ती प्रत परत आली तेव्हा त्याच लाल पेन्सिलीने 'सीझनेबल'चे पुन्हा 'सीझनल' केलेले होते.

तेव्हापासून हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत. शब्दकोश पाहिला तर दोहोंचे अर्थ जवळपास सारखेच दिलेले दिसतात, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत तर 'अनसीझनल रेन' हा शब्दप्रयोग मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. या दोन शब्दांत खरोखर अर्थाचा फरक आहे, की हा केवळ तपासणाऱ्याच्या पसंतीचा भाग आहे? वर्तमानपत्रांतला प्रयोग चूक मानावा का?

याला जोडूनच एक मराठी शंका आहे. 'अनसीझनेबली वॉर्म' या शब्दांसाठी मी एकदा 'अवकाळी उष्ण' असे लिहिले होते. वाचताना दाताखाली खडा यावा तसे होते, पण काय खटकते ते नेमके सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपल्या तपासनिसांनी दोन्ही ठिकाणी योग्य तेच केले आहे. समासात एक ओळ लिहिली असती तर आपला त्रास मात्र वाचला असता.

हा फरक इंग्रजीपेक्षा मराठीतून लवकर कळतो. 'हंगामी' आणि 'हंगामाला साजेसा' हे दोन शब्दप्रयोग शेजारी ठेवून पाहा. हंगामी मजूर, हंगामी व्यवसाय, हंगामी आजार असे आपण म्हणतो तेव्हा ती गोष्ट वर्षाच्या ठरावीक काळात येते आणि तो काळ सरला की जाते, एवढीच माहिती मिळते. ती बरी की वाईट, शोभणारी की न शोभणारी, याविषयी 'हंगामी' हा शब्द काहीच बोलत नाही. इंग्रजीतला 'सीझनल' तोच. 'हंगामाला साजेशी थंडी' असे म्हटले की मात्र बोलणाऱ्याच्या मनात या दिवसांत हवा कशी असावी याचे एक माप असते आणि आजची थंडी त्या मापात बसली, असा निर्वाळा तो देतो. हा 'सीझनेबल'. म्हणूनच मजूर 'सीझनल' असतात, 'सीझनेबल' नसतात. मजूर ऋतूला शोभून दिसतात असे कोणी म्हणत नाही. हवा मात्र ऋतूला शोभते किंवा शोभत नाही, आणि न शोभणाऱ्या हवेला 'अनसीझनेबल' म्हणतात.

गोंधळाचे एक कारण 'एबल' हा प्रत्यय आहे. शाळेत आपण तो 'करता येण्याजोगे' या अर्थाने शिकतो: वॉशेबल म्हणजे धुता येण्याजोगे. त्या हिशेबाने 'सीझनेबल'चा अर्थ लावू गेले तर काहीच हाती लागत नाही, आणि विद्यार्थिदशेत मी स्वतः त्या वाटेने बराच भरकटलो आहे. हा प्रत्यय नामाला लागतो तेव्हा त्याचा अर्थ 'त्या गोष्टीला धरून असलेला' असा होतो. 'फॅशनेबल' म्हणजे फॅशन करता येण्याजोगा नव्हे, फॅशनला धरून असलेला. 'रीझनेबल' म्हणजे विवेकाला धरून असलेला. त्याच पंक्तीत 'सीझनेबल' म्हणजे ऋतूला धरून असलेला.

वयाचाही फरक आहे. 'अनसीझनेबल' हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकापासून सापडतो आणि आरंभी तो 'अवेळी केलेला, प्रसंगाला न शोभणारा' अशा व्यापक अर्थाने येतो. हवामानाशी त्याची जोडी पुढे जमली आणि ती चांगली टिकली. शेक्सपिअरच्या 'रिचर्ड दुसरा' या नाटकाच्या तिसऱ्या अंकात, दुसऱ्या प्रवेशात, बंडखोर बोलिंगब्रोकचा संताप कसा उफाळला आहे हे सांगताना स्क्रूप नावाचे पात्र अवकाळी वादळी दिवसाची उपमा देते: रुपेरी नद्यांनी आपलेच काठ बुडवावेत असा दिवस. तेथे शब्द आहे तो 'अनसीझनेबल'. 'सीझनल' हा शब्द त्या मानाने कालचा, एकोणिसाव्या शतकातला. 'अनसीझनल' त्याच्या मागून आला. त्यामुळे जुन्या वळणाच्या संपादकाच्या कानाला 'अनसीझनेबल वेदर' हीच जोडी बरोबर लागते.

एक गोष्ट विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. इंग्रजीतला 'सीझन' हा जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'पेरणी' या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे आज ज्या शब्दाने आपण चारही ऋतू मोजतो तो मुळात एका घातेचा, बी मातीत टाकण्याच्या वेळेचा शब्द होता. आपला 'हंगाम' फारसीतल्या 'वेळ' या अर्थाच्या शब्दावरून आला, तर 'मोसम' अरबीतून. हाच अरबी शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत जाऊन 'मान्सून' झाला. 'बेमोसमी पाऊस' आणि 'मान्सूनचा पाऊस' यांची अशी सख्खी भावकी आहे.

प्रतिसाद २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु 'अनसीझनल' हा शब्द चूक ठरवण्यास माझी हरकत आहे. इंग्रजी बातम्यांचे संपादन मी बरीच वर्षे केले आहे. भारतीय इंग्रजी वृत्तपत्रांत 'अनसीझनल रेन' हा प्रयोग इतका स्थिरावला आहे की तेथे 'अनसीझनेबल' लिहिले तर वाचक क्षणभर थबकेल. इंग्रजीचे आजचे प्रमुख शब्दकोशही हवामानाच्या संदर्भात दोन्ही शब्द देतात आणि 'अनसीझनल'वर अशुद्धतेचा शिक्का मारत नाहीत. तेव्हा तपासनिसांची दुरुस्ती ही चूक सुधारण्यासाठी नसून अधिक रुळलेली जोडी निवडण्यासाठी होती, असे मी म्हणेन. 'सीझनेबल लेबर' ही मात्र सरळसरळ चूक होती.

यात एक बारकावा आहे. नकारार्थी शब्दांच्या बाबतीत दोघांमधली सीमा पुसट झाली आहे, होकारार्थी शब्दांच्या बाबतीत ती अजून ठळक आहे. 'अनसीझनल' आणि 'अनसीझनेबल' एकमेकांच्या जागी बसू शकतात, कारण 'ऋतूशी संबंध नसलेला' आणि 'ऋतूला न शोभणारा' हे दोन्ही अर्थ पावसाच्या बाबतीत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. 'सीझनल' आणि 'सीझनेबल' यांची तशी अदलाबदल होत नाही. दोन दुरुस्त्या आपल्याला परस्परविरोधी वाटल्या त्या यामुळेच.

क्रियाविशेषण वापरायचे असेल तेव्हा मात्र मीही जुन्याच शब्दाकडे वळतो. 'अनसीझनेबली वॉर्म', 'अनसीझनेबली कोल्ड' हेच प्रयोग सर्वत्र चालतात. 'अनसीझनली' असा शब्द काढता येतो, पण तो लिहिणारे फारच थोडे. आणि या दोन शब्दांच्या मध्ये संयोगचिन्ह देऊ नये. आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात ही चूक मी शेकड्यांनी सुधारली असेल.

प्रश्नकर्तीची पुरवणी

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. 'फॅशनेबल'च्या उदाहरणाने माझी गाठ सुटली. आता एक पुढची शंका विचारते. ऐन उन्हाळ्यात पारा नेहमीपेक्षा फारच वर गेला, तर त्या उष्णतेला 'अनसीझनेबल' म्हणावे का? माझ्या हातातल्या मजकुरात उन्हाळ्यातल्या विक्रमी तापमानाविषयीचे एक वाक्य आहे आणि तेथे हा शब्द घालण्याचा मोह होतो आहे.

प्रतिसाद ३

तो मोह टाळावा. उन्हाळ्यात ऊन कितीही कडक झाले तरी ते उन्हाळ्याचेच असते; तेथे 'एक्स्ट्रीम', 'रेकॉर्ड' किंवा 'अनयूझुअल' यांपैकी शब्द घ्यावा. 'अनसीझनेबल' हा शब्द तीव्रता मोजत नाही, जागा चुकली आहे असे सांगतो. तीच उष्णता, किंबहुना तिच्याहून पुष्कळ सौम्य उष्णता भर हिवाळ्यात जाणवली, तर ती 'अनसीझनेबल' ठरेल. मी लिहिताना एक साधी कसोटी लावतो: हेच हवामान वर्षाच्या दुसऱ्या एखाद्या महिन्यात आले असते तर कोणाला त्याचे नवल वाटले असते का? नसते वाटले, तर शब्द योग्य. प्रत्येक महिन्यात ते नवलाचेच ठरले असते, तर शब्द चुकला.

याचे चांगले उदाहरण क्रिकेटच्या इतिहासात आहे. २ जून १९७५ रोजी इंग्लंडमधील बक्स्टन येथे डर्बीशायर आणि लँकेशायर या संघांचा सामना चालू असताना मैदानावर बर्फ पडले आणि त्या दिवशीचा खेळ रद्द करावा लागला. डिकी बर्ड त्या सामन्यात पंच होते. आदल्या शनिवारी त्याच मैदानावर क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद १६७ धावा केल्या होत्या. बक्स्टनच्या भागात जानेवारीत बर्फ पडले असते तर त्याची चर्चाही झाली नसती. जूनमध्ये पडले म्हणून ते आजपर्यंत लोकांच्या लक्षात राहिले. बर्फ तेच, महिना चुकलेला. 'अनसीझनेबल स्नो' म्हणजे काय हे याहून नेमके दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. याहून मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण हवे असेल तर १८१६ हे वर्ष घ्यावे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, त्यातून वर गेलेल्या सल्फरयुक्त कणांच्या थराने सूर्यप्रकाश अडवला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडले. त्या वर्षाला 'उन्हाळा नसलेले वर्ष' असेच नाव पडले.

हा शब्द स्थळाशीही बांधलेला आहे, हे अनुवाद करताना विसरू नये. दक्षिण गोलार्धात जून आणि जुलै हे हिवाळ्याचे महिने असतात. न्यूझीलंडविषयीच्या मजकुरात 'जुलैतले बर्फ' दिसले म्हणून अनुवादकाने आपल्या मनाने त्याला 'अवकाळी' हे विशेषण जोडले, तर अर्थाचा अनर्थ होईल.

शास्त्रीय लेखनात हा शब्द जपून वापरला जातो, कारण 'साजेसे' आणि 'न साजेसे' यांची सीमा बोलणाऱ्याच्या अनुभवावर ठरते. हवामानशास्त्रज्ञ त्याऐवजी सरासरीपासूनचे विचलन अंशांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार अशी सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतात. सध्या त्यासाठी १९९१ ते २०२० हा कालखंड धरला जातो. आपला अहवाल तांत्रिक असेल आणि त्यात आकडे दिलेले असतील, तर आकड्यांच्या शेजारी 'अनसीझनेबल' लिहिण्याची गरज आहे का, याचाही एकदा विचार करावा. सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिताना मात्र तो खुशाल वापरावा, कारण वाचकाच्या मनातली अपेक्षा जागी करण्याचे काम आकडा करत नाही, ते हा शब्द करतो.

प्रतिसाद ४

दोन शेजारी शब्दांविषयी थोडक्यात लिहिते, कारण विद्यार्थ्यांच्या वह्यांत ते नेहमी एकमेकांत मिसळलेले आढळतात.

'इन्क्लेमेंट वेदर' म्हणजे अवकाळी हवामान नव्हे. त्याच्या मुळाशी 'दयामाया नसलेले' असा अर्थ आहे; बोचरा वारा, झोडपणारा पाऊस, घराबाहेर पडू न देणारी हवा यांसाठी तो शब्द आहे. पावसाळ्यातली मुसळधार हवा 'इन्क्लेमेंट' असते पण 'अनसीझनेबल' नसते. उलट, हिवाळ्यात अचानक पडलेले उबदार, प्रसन्न ऊन 'अनसीझनेबल' असते पण त्याला 'इन्क्लेमेंट' कोणी म्हणणार नाही. हे दुसरे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण 'अवकाळी' या आपल्या शब्दात नुकसानीची छाया आहे. अवगुण, अवकृपा, अवकळा यांतला जो 'अव' आहे तोच येथेही आहे. इंग्रजी शब्दात ती छाया असेलच असे नाही. सुखद गोष्टही 'अनसीझनेबल' असू शकते, आणि तेथे 'अवकाळी' लिहिले की वाचक विनाकारण धास्तावतो. आपल्याला 'अवकाळी उष्ण' खटकले त्यामागे हे एक कारण असावे.

'अनटाइमली' या शब्दाचा परीघ मोठा आहे. त्यात ऋतूचा संबंध नसतो, वेळ चुकलेली असली की पुरे. 'अनटाइमली डेथ' म्हणजे अकाली मृत्यू. ऐन पावसाळ्यात, पण नेमक्या समारंभाच्या वेळी आलेल्या पावसाला मराठीत आपण 'अवेळी आलेला' म्हणू, 'अवकाळी' म्हणणार नाही. मराठीने अकाली, अवेळी आणि अवकाळी असे तीन शब्द तीन कामांना वाटून दिले आहेत, आणि ही वाटणी मला फार मोलाची वाटते. मृत्यू आणि वार्धक्य अकाली, पाहुणे आणि भूक अवेळी, पाऊस अवकाळी.

'अनसीझन्ड' हा शब्द वेगळाच आहे. तो 'सीझन' या क्रियापदापासून आला आणि न मुरलेल्या, न वाळवलेल्या लाकडासाठी किंवा अननुभवी माणसासाठी वापरतात. हवामानाशी त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद ५

मराठी पर्यायांविषयी माझे मत मांडतो, कारण मूळ प्रश्नातला तो भाग मला सर्वांत कठीण वाटतो.

'अवकाळी' हे विशेषण मराठीत पावसाशी इतके एकजीव झाले आहे की आता नुसते 'अवकाळीने झोडपले' म्हटले तरी पाऊसच समजला जातो. गारपिटीलाही ते चालते. थंडी, उष्णता, धुके यांना मात्र ते अंगाला न येणाऱ्या सदऱ्यासारखे दिसते. शिवाय ते नामाचे विशेषण आहे; 'उष्ण' या दुसऱ्या विशेषणावर त्याला बसवले की वाक्य अडखळते. आपल्याला लागलेला खडा तो हाच. 'अनसीझनेबली' या क्रियाविशेषणासाठी मराठीत एका शब्दाचा आग्रह धरू नये. आपल्या बोलण्यात त्यासाठी तयार शब्दरचना आहे: 'या दिवसांच्या मानाने'. 'या दिवसांच्या मानाने आज हवेत बराच उकाडा आहे' हे वाक्य कोणत्याही मराठी माणसाच्या तोंडून सहज निघेल, आणि त्यात अपेक्षा, तुलना आणि अपेक्षाभंग हे तिन्ही आले. जोर द्यायचा असेल तर 'ऐन' किंवा 'भर' हे शब्द हाताशी आहेत: 'ऐन थंडीत उकाडा', 'भर उन्हाळ्यात धुके'. विशेषणच हवे असेल तर 'ऋतूला न साजेशी थंडी' म्हणावे. 'बेमोसमी' आणि 'बिगरमोसमी' हेही आहेत, पण ते मला बातमीच्या मथळ्यात शोभतात, वर्णनात कोरडे वाटतात.

पावसाच्या बाबतीत उलट दिशेनेही सावध राहावे. वळीव हा अवकाळी नव्हे. उन्हाळ्याच्या शेवटी दुपारभर तापल्यावर ढग दाटून येतात, सोसाट्याचा वारा सुटतो आणि विजांच्या कडकडाटासह जो पाऊस कोसळतो तो त्या दिवसांचाच असतो, लोक त्याची वाट पाहतात. त्याला इंग्रजीत 'अनसीझनल रेन' लिहिले तर ते अर्थाने चूक होईल. 'प्री-मान्सून शॉवर' हा प्रतिशब्द तेथे योग्य. मराठी मूळ मजकुरात 'वळीव' आहे की 'अवकाळी', हे पाहूनच इंग्रजी शब्द निवडावा.

आणखी एक सापळा सांगून ठेवतो. इंग्रजी मजकुरात 'इंडियन समर' असा शब्द आला तर त्याचा भारताशी काही संबंध नसतो. उत्तर अमेरिकेत शरद ऋतूत, थंडी सुरू झाल्यावर मध्येच काही दिवस कोरडी, उबदार हवा पडते, तिचे ते नाव आहे आणि अठराव्या शतकापासून ते लेखनात आढळते. ब्रिटनमध्ये तशाच उबदार दिवसांना, ते ऑक्टोबरच्या मध्यावर आले तर सेंट ल्यूकचा आणि नोव्हेंबरमध्ये आले तर सेंट मार्टिनचा उन्हाळा म्हणत. वसंतात काटेरी ब्लॅकथॉर्न फुलत असताना थंडी परतली तर तिला 'ब्लॅकथॉर्न विंटर' म्हणतात. ऋतू चुकवून येणाऱ्या हवेला लोकांनी अशी आपुलकीची नावे ठेवली आहेत, आणि त्यांचा शब्दशः अनुवाद केला की घोटाळा होतो. 'भारतीय उन्हाळा' असा अनुवाद मी छापील पुस्तकात वाचला आहे, आणि त्या परिच्छेदात पात्रे शेकोटी विझवून अंगणात येऊन बसली होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे ऋण कसे मानावे कळत नाही. आज सकाळी तीन दुरुस्त्या केल्या. उन्हाळ्यातल्या विक्रमी तापमानाच्या वाक्यातून 'अनसीझनेबल' काढला. 'अवकाळी उष्ण फेब्रुवारी' या जागी 'फेब्रुवारीच्या मानाने हवेत फारच उष्मा होता' असे लिहिले. आणि इंग्रजी मसुद्यात एके ठिकाणी मी 'अनसीझनल' लिहिला होता तेथे मूळ मराठी मजकूर पुन्हा काढून पाहिला, तर शेतकऱ्याच्या तोंडी 'वळवाची एक सर' असे शब्द होते. ते वाक्य आता 'प्री-मान्सून शॉवर' असे केले आहे. एकच विचारायचे राहिले: बोलताना उच्चार 'सीझनेबल' असा करावा का?

प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचे उत्तर

लिहिताना आपण मराठीत 'सीझनेबल' लिहितो, कारण तशी रूढी पडली आहे. बोलताना आघात 'सी'वर येतो आणि पुढचे सगळे हलके होत जाते, त्यामुळे कानाला 'अन्‌सीझनबल'च्या जवळचे ऐकू येते. 'ने' लांबवू नये. 'वळवाची एक सर' यातले 'एक' इंग्रजीतही राखले असेल, तर त्या वाक्यात आणखी काही बदलू नका.